नाइटिंगेलबाईंची राहून गेलेली इच्छा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा फारसा विचार न करता मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सांगून मोकळी झाले. त्यांच्यावरचा धडा आपण बहुतेकजणींनी शाळेत वाचलेला आहे. रात्रीची वेळ, ओळीने निजलेले जखमी शिपाई आणि हाती दिवा घेऊन हलक्या पावलांनी फिरणारी ती प्रेमळ बाई. दोन संध्याकाळी बसले की लेख होईल, असा माझा अंदाज होता.

अंदाज चुकला. वाचावयास बसले आणि दिवा राहिला बाजूला. समोर आली ती आकड्यांच्या वह्यांत मान घालून बसलेली एक हट्टी, विद्वान आणि पुष्कळदा रागावलेली बाई. त्यांच्या मनात एक इच्छा राहून गेली, आणि ती इस्पितळाची नव्हती. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात संख्याशास्त्राचा एक प्राध्यापक नेमला जावा, आणि सरकारने केलेल्या गोष्टींतून खरोखर काय निपजले याचा त्याने शोध घ्यावा, ही ती इच्छा. हे मला साठी उलटल्यावर कळावे याची थोडी लाज वाटली. आपल्यापैकी कित्येकींना तेही ठाऊक नसेल, म्हणून तेच सांगते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून तेच नाव. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तर तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव, पार्थेनोपी. (आपल्याकडे असा प्रघात असता तर माझे नाव काय पडले असते, हे मनात येऊन मला हसू आले.) घराणे इंग्लंडातील श्रीमंतांचे, उन्हाळ्याचे घर एक आणि हिवाळ्याचे दुसरे. वडील केंब्रिजला शिकलेले. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. धाकटीला गणिताची ओढ लागली, आणि तेथे आईचे बिनसले. लग्न करून संसार करावयाच्या मुलीला गणित कशाला, हा प्रश्न काही आपल्याकडचाच नव्हे! तेव्हा आत्या मदतीला धावली. ही आत्या आईच्या भावाला दिलेली, म्हणजे तीच मामीही. असे दुहेरी नाते असलेले माणूस घरात किती उपयोगी पडते, हे आपणांस सांगावयास नको.

परिचारिका होण्याचे तिने मनात घेतले तेव्हा घरात रडारड झाली. त्या काळी इस्पितळातील शुश्रूषा हे कुलीन मुलीचे काम समजले जात नसे. वर्षामागून वर्षे गेली. एका चांगल्या, विद्वान गृहस्थाने अनेक वर्षे वाट पाहिली. १८४९ साली तिने त्यालाही नकार दिला. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैझरवर्थ येथे तीन महिने शिक्षण घेता आले, आणि १८५३ मध्ये लंडनच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तेव्हा वय होते तेहेतीस. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले, म्हणून ते जमले. पैशाचा हा आधार नसता तर काय झाले असते, हे चरित्रे लिहिणारे फारसे विचारीत नाहीत.

येथून पुढे त्यांना मी बाईच म्हणते.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू होते. इंग्रज शिपायांच्या हालांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या आणि युद्धखात्याचे सिडनी हर्बर्ट यांच्या सांगण्यावरून बाई ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. ४ नोव्हेंबर रोजी त्या तुर्कस्थानात स्कुटारीस पोहोचल्या. आजच्या इस्तंबूल शहराचा आशियाकडील भाग तो. तुर्की फौजेच्या एका प्रचंड बराकीचे इस्पितळ केलेले होते. खाली तुंबलेली गटारे, वर माणसांची दाटी, अंगावरचे कपडे उवांनी भरलेले. बाईंनी धुलाईघर काढले, स्वयंपाकघर लावले, मलमपट्टीचे कापड मिळविले, आणि रात्री दिवा घेऊन फेरीही मारली. धड्यात आहे ते सारे खरेच आहे.

धड्यात नाही ते असे, की त्यांच्या येण्याने त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाढले. स्कुटारीस त्या एका हिवाळ्यात चार हजारांवर शिपाई गेले, आणि बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, विषमज्वर, पटकी अशा रोगांनी. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने स्वच्छतेची एक समिती तेथे पाठविली. तिने गटारे धुऊन काढली, पाण्याच्या वाटेत पडलेले मेलेले घोडे पुरले, पाचशेहून अधिक हातगाड्या घाण पहिल्या दोन आठवड्यांत बाहेर नेली, भिंतींना चुना दिला आणि खिडक्या उघडल्या. बाईंनीच पुढे छापलेल्या आकड्यांप्रमाणे फेब्रुवारीत उपचार घेणाऱ्या शंभरांमागे ४२ च्या वर मरत होते. जूनमध्ये ते प्रमाण दोनावर आले.

आता हे कशाने झाले? परिचारिकांनी? चांगल्या अन्नाने? गटारे धुण्याने? की हिवाळा सरला, गर्दी ओसरली आणि नवे आजारी कमी आले म्हणून? आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी मोडली हे सर्वांना दिसते. पण ती कावळ्याने मोडली की आधीच किडलेली होती, हे सांगावयास डोळे पुरत नाहीत. त्याला दुसऱ्या फांद्याही मोजाव्या लागतात. कावळा बसला पण मोडली नाही अशा, आणि कावळा न बसताही मोडली अशा.

हे मोजण्याचे काम बाईंनी परत आल्यावर केले. १८५६ च्या ऑगस्टात त्या मिस स्मिथ या नावाने, मिरवणुका चुकवून गुपचूप घरी आल्या. सारा देश त्यांना देवी मानीत होता. त्यांनी मात्र जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कचेरीतील विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाला गाठले आणि त्याच्यासह हजारो मृत्यूंचा हिशेब मांडला. शिपाई उपाशी, थकलेले आणि फार उशिरा आणले गेले म्हणून मेले, असे त्यांचे तोवर मत होते. हिशेबातून निघाले ते वेगळेच. आघाडीजवळच्या साध्या, गैरसोयीच्या इस्पितळांहून स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळात अधिक माणसे मेली होती. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या इस्पितळाची घाण आणि गर्दीच त्यांना मारीत होती.

स्वतःच्या कीर्तीचे इस्पितळच सर्वांत घातक, हे आकड्यांतून वाचताना त्या बाईला काय वाटले असेल? १८५७ मध्ये त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढची कित्येक वर्षे खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत. युद्धात जडलेल्या तापाचा तो परिणाम असावा असे आजचे डॉक्टर म्हणतात; या धक्क्याचाही त्यात वाटा होता असे एक चरित्रकार म्हणतो, दुसऱ्यांस ते पटत नाही. मी त्या वादात पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी तो हिशेब दडवला नाही. अहवाल स्वतःच्या खर्चाने छापून मोठमोठ्या अधिकाऱ्यांना वाटला.

त्यांनी काढलेली एक आकृती प्रसिद्ध आहे. वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या मध्यबिंदूभोवती मांडलेल्या. पाकळी जितकी पसरट तितके मृत्यू जास्त. जखमांचे मृत्यू तांबडे, इतर काळे, आणि टाळता येण्याजोग्या रोगांचे निळे. सारे फूल निळेच दिसते. मला ते पाहून दारातील रांगोळी आठवली, आणि मग ही रांगोळी कशाची आहे हे ध्यानात येऊन जीव चरकला. आकड्यांचे तक्ते मंत्री वाचीत नाहीत, पण चित्र पाहतात, हे बाईंना पक्के कळले होते.

शांततेच्या काळी इंग्लंडातल्या बराकींत राहणारे धडधाकट तरुण शिपाई त्याच वयाच्या बाहेरच्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखविले. दरवर्षी अकराशे माणसे मैदानावर उभी करून गोळ्या घालण्यासारखेच हे आहे, असा त्यांचा हिशेब होता. यातून लष्कराच्या बराकी सुधारल्या. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तेथे त्या पहिल्या स्त्री.

त्या नेहमीच बरोबर असत असे मात्र नाही, आणि हे सांगितले नाही तर चरित्र खोटे होईल. इस्पितळांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी लंडनच्या २४ इस्पितळांत मृत्यूचे प्रमाण शंभरी नव्वदच्या वर असल्याचे छापले. वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांनी भागले होते! डॉक्टरांनी गदारोळ केला आणि तो रास्त होता. रोगजंतूंची गोष्टही त्यांना फार वर्षे पटली नाही. दुर्गंधीनेच रोग होतो असे त्या मानीत. कारण चुकीचे धरले होते, पण गटार धुतले हे बरेच झाले.

आता आपल्याला अगदी जवळची अशी एक हकीकत. सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे म्हणून बाईंना मिळालेल्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात बाळंतिणींची एक खोली चालविली जात होती. १८६२ च्या सुमारास सुरू झालेले हे काम त्यांच्या फार आवडीचे. खेड्यापाड्यांतून बायका यावयाच्या, शिकून परत जावयाच्या. पण बाळंतिणी तापाने दगावू लागल्या. बाईंनी हिशेब मागविला. हजार बाळंतिणींमागे तेथे ३३ च्या आसपास मृत्यू होत होते. देशभरातले प्रमाण, ज्यात बहुतेक बाळंतपणे घरीच होत, ते पाचाच्या आसपास. गरिबाच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होणारी बाई वाचत होती आणि पांढऱ्या चादरीवर निजलेली मरत होती. १८६७ मध्ये ती खोली बंद करण्यात आली. मग बाईंनी निरनिराळ्या देशांतील प्रसूतिगृहांचे आकडे गोळा केले, आणि १८७१ साली त्यावर एक पुस्तकच लिहिले. आज आपण बाळंतपणाला इस्पितळात जातो ते सुरक्षित आहे, कारण हात धुणे आणि जंतुनाशके मधल्या काळात आली. पण स्वतः काढलेली, लोकांनी नावाजलेली संस्था आकडे पाहून बंद करणारी माणसे मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध असाच वह्यांतून आला. त्या येथे कधी आल्या नाहीत. पण १८५९ साली हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली तेव्हा त्यांनी येथल्या प्रत्येक छावणीला छापील प्रश्न पाठविले. पाणी कोठून आणता? गटार कोठे जाते? एका खोलीत किती माणसे निजतात? उत्तरांचे गठ्ठे घरी आले. गोरे शिपाई येथे वर्षाला हजारी ६९ मरत होते. १८७३ पर्यंत हे प्रमाण १८ वर आले. मग बाईंच्या ध्यानात आले, की भोवतालचे गाव तसेच ठेवून छावणी स्वच्छ होत नाही. आणि त्यांचे लक्ष शिपायांवरून येथील रयतेकडे वळले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात त्यांनी कालव्यांसाठी लिहून लिहून अधिकाऱ्यांना हैराण केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. खेड्यांच्या स्वच्छतेविषयी आपल्या लोकांनी काय करावे हे त्या लंडनच्या खोलीतून लिहीत. बालविवाहाविरुद्ध झगडणाऱ्या बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्राला प्रस्तावनाही त्यांचीच.

आता त्या इच्छेकडे येते. चाळीस वर्षे सरकारी माणसांशी झगडून बाईंचे एक मत झाले होते. मंत्री आणि अधिकारी विद्यापीठांतून ग्रीक-लॅटिन शिकून येतात, कायदे करतात, लाखो पौंड खर्च करतात, कपाटे भरभरून आकडे जमवितात, आणि कायद्याने काय घडले हे कोणी पाहत नाही. म्हणून ऑक्सफर्डला हे शिकविणारा प्राध्यापक हवा. बेल्जियमचे थोर संख्याशास्त्रज्ञ केतले यांना त्या गुरू मानीत. १८७४ साली ते वारल्यापासून ही कल्पना त्यांच्या मनात होती. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख जाउएट हे त्यांचे जुने स्नेही. त्यांनी आपल्याही पदरचे पैसे घालण्याची तयारी दाखविली. १८९१ साली बाईंनी फ्रान्सिस गॉल्टन यांना लांबलचक पत्र लिहिले. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती चढतात-उतरतात याचे माप नुकतेच काढणारे शास्त्रज्ञ ते हेच. बाई तेव्हा एकाहत्तरीला आल्या होत्या.

या प्राध्यापकाने कशाचा शोध घ्यावा, याची त्या पत्रात यादी आहे. सक्तीच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या कायद्याला वीस वर्षे झाली. शाळा सोडल्यावर किती मुले शिकलेले सारे विसरतात? तुरुंगात गेल्याने माणूस गुन्ह्यापासून दूर होतो की त्यात मुरतो? अनाथ-दरिद्री मुलांना सरकारी आश्रमात वाढविले, तर त्यांतली किती पुढे स्वतःच्या पायावर उभी राहतात आणि किती पिढ्यान्‌पिढ्या तेथेच परत येतात? आणि शेवटी आपण: हिंदुस्थानातले लोक अधिक श्रीमंत होत आहेत की गरीब, त्यांना पूर्वीपेक्षा खावयास अधिक मिळते की कमी, त्यांची शरीरे खंगत चालली आहेत का? इंग्रजांच्या राज्यात हा प्रश्न इंग्रज बाईने विचारावा आणि तो विद्यापीठाने सोडवावा असे म्हणावे, हे मला फार मोठे वाटते.

गॉल्टन यांनी उत्तर दिले, पण पाणी घालूनच. जो विषय परीक्षेला नाही त्याच्या प्राध्यापकापुढे ऑक्सफर्डला विद्यार्थी बसणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. (हे वाचताना आपल्याच शाळा-कॉलेजांची आठवण झाली.) त्यापेक्षा लंडनच्या एका संस्थेत वर्षाला काही व्याख्याने ठेवावीत, असे त्यांनी सुचविले. बाईंना हवी होती पिढ्या घडविणारी जागा. व्याख्यानमालेत त्यांचे मन रमेना. पत्रे मंदावली. १८९३ साली जाउएट वारले. बाईंनी मृत्युपत्रात या कामासाठी २००० पौंड ठेवले होते. तेही पुढे त्यांनी रद्द केले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेत गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये थोरामोठ्यांच्या शेजारी जागा मिळत होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी ती नाकारली. गावच्या देवळाच्या आवारातील दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेच आहे.

पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, गॉल्टनही वारले. त्यांनी लंडन विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी सुमारे ४५ हजार पौंड ठेवले. पण ते सुप्रजननासाठी, म्हणजे कोणत्या माणसांची प्रजा वाढावी आणि कोणाची वाढू नये हे ठरविण्यासाठी. त्या विचारातून पुढे जगात केवढे अनर्थ झाले हे सर्वश्रुत आहे. एकाने विचारले, कोणती माणसे चांगली. दुसरीने विचारले, माणसांसाठी आपण केलेले चांगले होते का. पैसा पहिल्याला मिळाला. त्याच वर्षी तेथे कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली संख्याशास्त्राचा विभागही निघाला, हे खरे. ऑक्सफर्डला तसा स्वतंत्र विभाग व्हावयास १९८८ साल उजाडले. अलीकडे त्या विभागात बाईंच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या नावाने तरुण संशोधकांसाठी जागाही ठेवल्या गेल्या. कशामुळे काय होते हे आकड्यांवरून कसे ओळखावे, ही आता त्या शास्त्राची एक मोठी शाखाच झाली आहे.

हे सारे लिहून झाले आणि चिटणीसबाईंनी मला याच स्मरणिकेतील मंडळाचा अहवाल तपासावयास दिला. शिवणवर्गातून आजवर किती मुली शिकून गेल्या, हे त्यात मोठ्या अक्षरांत आहे. मी सहज विचारले, त्यांतल्या किती आज शिवतात? कोणालाच सांगता येईना. एकीने दोन-तीन नावे घेतली, ज्यांचा धंदा चांगला चालतो. दुसरी म्हणाली, त्या मुली मुळातच हुशार, वर्गाला आल्या नसत्या तरी त्यांनी काहीतरी केलेच असते. वाद थोडा तापला. मलाही दोन बोल ऐकावे लागले, की पंचवीस वर्षांच्या कामावर संशय घेता का म्हणून.

मग खजिनदारबाईंना एक गोष्ट आठवली. यंत्रे कमी असल्याने दरवर्षी काही मुलींना परत पाठवावे लागे, आणि त्यांची नावे एका निराळ्या वहीत लिहिली जात. ती वही कपाटाच्या तळाशी सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण नावे व पत्ते वाचता येतात. आलेल्या मुली आणि परत गेलेल्या मुली, एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या. अगदी बरोबरीच्या नसतील. आधी येणारीला आधी जागा, आणि आधी येते ती बहुधा अधिक उत्साही, हेही ध्यानात धरले पाहिजे. तरी दोन्ही वह्या घेऊन आम्ही दोघीजणी दर रविवारी सकाळी निघतो. लग्न होऊन गावाबाहेर गेलेल्यांचे पत्ते माहेरी मिळतात. चहा सगळीकडे घ्यावा लागतो. आतापर्यंत दोन गल्ल्या झाल्या आहेत. ज्यांच्या ओळखीत या मुलींपैकी कोणी असेल त्यांनी मला किंवा खजिनदारबाईंना कळवावे.